कोणी, काय, का

आमच्या ऑफिसात किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे. कोणी ठेवले विचारलं तर सगळे म्हणतात "मी नाही", आणि टाकायला काढले तर एकही टाकवत नाही. परवा चहा पिताना कोणीतरी सागरचं नाव काढलं आणि आम्ही असे हसत सुटलो की टपरीवाल्यालाही काही न समजता हसू आलं. घरी येताना म्हटलं, हे आता लिहूनच काढावं.

तर, आमचं ऑफिस गंगापूर रोडला, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. कांद्याच्या व्यापाऱ्यांसाठी आम्ही मोबाइलवरचं अ‍ॅप चालवतो. लिलावात कोणाचा माल आला, काय भाव निघाला, वजन किती भरलं, सगळं त्यात. देवरे सर मालक. निखिल आणि प्रज्ञा कोड लिहितात. मी सपोर्टला, म्हणजे अ‍ॅप बिघडलं की शिव्या मी खायच्या. खालून दाताच्या ड्रिलचा आवाज येत असतो, त्यामुळे फोनवरच्या माणसाला वाटतं इथे फार मोठं काम चाललंय.

*

नवा बदल व्यापाऱ्यांच्या फोनपर्यंत पोचवणं, याला आमच्यात 'सोडणं' म्हणतात. पूर्वी हे हाताने करावं लागायचं, आणि दोघांनी एकदम सोडलं की घोळ व्हायचा. म्हणून सरांनी एक पद्धत पाडली होती. सटाण्याच्या नानांनी, म्हणजे आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाने, दिवाळीला एक खेळण्यातला लाल ट्रॅक्टर भेट दिला होता. ज्याच्या टेबलावर ट्रॅक्टर, त्यानेच सोडायचं. बाकीच्यांनी हात लावायचा नाही.

एकदा निखिलची मुलगी ऑफिसात आली आणि जाताना ट्रॅक्टर घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी काम अडलं. बदल तयार, व्यापारी वाट बघतायत, पण ट्रॅक्टर नाही. पोरगी द्यायला तयार नाही, रडून घर डोक्यावर घेतलेलं.

शेवटी निखिलने बायकोकडून ट्रॅक्टरचा फोटो मागवला, त्याचा रंगीत प्रिंट काढला, टेबलावर उभा केला आणि मग बदल सोडला. मी हसले तर सर गंभीरपणे म्हणाले, "ताई, प्रोसेस म्हणजे प्रोसेस."

*

मग सागर आला. हुशार, बारीक अंगाचा, कमी बोलणारा. त्याने सगळं आपोआप होईल अशी व्यवस्था बसवली. निखिलने किंवा प्रज्ञाने कोडमध्ये बदल केला की पुढे मशीनच तो तपासणार, मशीनच बांधून तयार करणार आणि मशीनच सोडणार. याला पाइपलाइन म्हणतात. मी घरी कौतुकाने सांगितलं, आमच्याकडे पाइपलाइन आली, तर सासूबाईंनी विचारलं, "मग आता पाणी दोन्ही वेळ का?"

पाइपलाइन बसली, ट्रॅक्टर भिंतीवरच्या टीव्हीखाली शोभेला गेला, आणि सागर महिन्याभरात पुण्याला दुसऱ्या नोकरीवर गेला. निरोपाला आम्ही त्याला पेढे दिले. त्याचं नाव आमच्यात पुढे किती गाजणार आहे, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

*

यानंतर तो दिवस उजाडला. लिलाव ऐन रंगात, आणि नानांच्या आडतीवरचे सगळे फोन एकदम अ‍ॅपमधून बाहेर पडले. अ‍ॅप पासवर्ड मागायला लागलं. आता कांद्याच्या व्यापाऱ्याला पासवर्ड माहीत असतो का? तो पोराने टाकून दिलेला असतो आणि पोरगं कॉलेजात असतं. लिलाव थांबला, ट्रॅक्टरांची रांग लागली, शेतकरी चिडले.

नाना सटाण्याकडचे, बोलण्यात अहिराणी. तापले की निव्वळ अहिराणी. त्यांचा मला फोन आला. "ताई, माले एकच सांगा. हाई कोनी करं?"

हे कोणी केलं. साधा प्रश्न. सरांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. निखिल म्हणाला, "मी काहीच केलं नाही." प्रज्ञा म्हणाली, "मी आज अर्धा दिवस सुट्टीवर होते." मी म्हटलं, "मला तर करताच येत नाही." सर म्हणाले, "मग मी केलं का?" आणि मग स्वतःच थोडा वेळ विचारात पडले, कारण त्यांनाही खात्री नव्हती.

नानांनी सरळ सांगून टाकलं. हंगाम संपला की करार नवा करायचा असतो. त्याच्या आत नाव कळलं पाहिजे. नाही तर वही आणि पेन जिंदाबाद. नाना गेले तर त्यांच्यामागे सटाण्याचे निम्मे व्यापारी जाणार, आणि आमच्या ऑफिसात मग दाताचं ड्रिल तेवढं ऐकू येणार. त्या संध्याकाळी सर चहासुद्धा न पिता घरी गेले. मला खरंच वाईट वाटलं.

*

प्रज्ञाने मनावर घेतलं. प्रज्ञा सातपूरच्या कॉलनीतली. वडील कारखान्यात शिफ्टवर, आई शाळेत शिक्षिका. ती म्हणते, "आमच्या घरी डब्यातला लाडू कमी झाला तरी चौकशी बसते." तिने ठरवलं की पाइपलाइनमध्ये जे जे होईल त्याची नोंद आपोआप झाली पाहिजे. बदल आला, तपासला, बांधला, सोडला, फसला, प्रत्येक पायरीला एक ओळ. आणि प्रत्येक ओळीत तीन गोष्टी: कोणी, काय, का. ओळी आमच्या ग्रुपवर यायच्या आणि भिंतीवरच्या टीव्हीवरही दिसायच्या. तो टीव्ही तोवर फक्त क्रिकेटसाठी वापरात होता, त्यामुळे सुरुवातीला थोडा विरोध झाला.

पहिल्याच दिवशी टीव्हीवर ओळ आली: 'तपासणी: केली नाही. निकाल: पास.'

सगळे बघत राहिले. परत एक बदल सोडला. परत तेच. प्रज्ञाने खोदून बघितलं तर पाइपलाइनमधली तपासणी सागरने बसवतानाच तात्पुरती बंद ठेवली होती आणि परत चालू करायची राहून गेली होती. इतके दिवस हिरवा दिवा लागत होता आणि आम्ही एकमेकांना टाळ्या देत होतो. निखिल तर त्या हिरव्या दिव्याचा फोटो काढून बायकोला पाठवायचा.

सर म्हणाले, "म्हणजे आपण परीक्षेला न बसता पहिले येत होतो." मग हळूच प्रज्ञाला विचारलं, "पण येत तर होतो ना?"

*

'कोणी' आणि 'काय' मशीन लिहायचं. 'का' मात्र माणसाने लिहायचं होतं, आणि तिथे आमचं पितळ उघडं पडलं.

निखिलने पहिल्या दिवशी लिहिलं, 'असंच'. दुसऱ्या दिवशी, 'सर म्हणाले'. तिसऱ्या दिवशी नुसतं टिंब. सरांनी स्वतः एकदा बदल सोडला तेव्हा लिहिलं, 'बघू'.

प्रज्ञाने 'असंच' या शब्दावर बंदी घातली. लिहिला की पाइपलाइन पुढे सरकायचीच नाही. निखिलने 'सहजच' लिहिलं. तिने तेही बंद केलं. मग तिने किमान एक पूर्ण वाक्य सक्तीचं केलं. त्या दुपारी टीव्हीवर झळकलं: 'का: कारण वाक्य पूर्ण लिहिल्याशिवाय प्रज्ञा सोडत नाही.'

दोघांचं दोन दिवस बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी निखिलने तिच्यासाठी मिसळ आणली आणि सोबत चिठ्ठी न देता तोंडानेच कारण सांगितलं. कारण पूर्ण वाक्यात होतं, म्हणून तिने मिसळ घेतली.

*

मग सरांच्या डोक्यात आलं की नानांनाही या ग्रुपवर घ्यावं. "विश्वास बसेल त्यांचा. सगळं डोळ्यांसमोर."

नाना ग्रुपवर आले आणि आमची भाषाच बदलली. ज्या निखिलला 'असंच'च्या पुढे सुचत नव्हतं, तो लिहायला लागला, 'का: आदरणीय नानांच्या आडतीवरील शेतकरी बांधवांना वजन सुस्पष्ट दिसावे म्हणून.' मी त्याला म्हटलं, "अरे, खाली 'आपला नम्र' पण लिही." त्याने दुसऱ्या दिवशी खरंच लिहिलं.

नाना प्रत्येक ओळ वाचायचे. सकाळी पेपर वाचावा तशी. आठवड्याभरात त्यांचा मला फोन. राग नाही, काही नाही, आवाज एकदम मधाळ. "ताई, हाऊ सागर कोन शे?"

मी टीव्हीकडे बघितलं. प्रत्येक बदलाच्या शेवटी ओळ होती: 'सोडलं. कोणी: सागर.'

झालं होतं असं. बदल कोणीही करो, शेवटी तो सर्व्हरवर सोडायला एक किल्ली लागते. ती किल्ली सागरने स्वतःच्या नावाने बनवली होती. तो गेला, किल्ली राहिली. त्यामुळे काम आम्ही करायचो आणि नाव पुण्याला जायचं.

"सकाळे सागर, दुपारे सागर, इतवारले बी सागर," नाना म्हणाले. "लय कामना मानूस शे. तेना पगार वाढवा."

मी म्हटलं, "सांगते सरांना." दुसरं काय म्हणणार.

*

पुढच्या आठवड्यात नानांचा टेम्पो नाशिकला माल घेऊन आला आणि जाता जाता ऑफिसात कांद्याचं एक पोतं टाकून गेला. पोत्यावर खडूने लिहिलेलं: सागर.

सर म्हणाले, पोतं सागरलाच पुण्याला पाठवू. आम्ही तिघांनी सरांकडे असं बघितलं की ते म्हणाले, "बरं, वाटून घ्या." त्या महिन्यात माझ्या घरी भजी इतकी झाली की सासूबाई विचारायला लागल्या, हा सागर अजून काय काय पिकवतो.

प्रज्ञाला मात्र हे टोचत होतं. "सर, कोणी केलं हे खरं कळावं म्हणून आपण हे बांधलं ना? आणि पहिलंच नाव खोटं?" तिचं बरोबर होतं. तिने किल्ली बदलली. आता ओळ यायला लागली: 'सोडलं. कोणी: मशीन.'

दुसऱ्याच दिवशी नानांचा फोन. "सागर कोठे गया? काढी टाका का तेले? तो गया तवपासून अ‍ॅप हळू चाली ऱ्हायनं."

अ‍ॅप तेच, आम्ही तेच, मशीनही तेच. पण करार आठवड्यावर आलेला. सर प्रज्ञासमोर हात जोडून उभे राहिले. सागर परत कामावर रुजू झाला. नानांचा मेसेज आला, 'आता बरं चालतंय', आणि खाली अंगठा.

*

करारासाठी नाना स्वतः येणार असं ठरलं. त्याच्या आदल्या दिवशी सर प्रज्ञाला म्हणाले, "जुने बदलही यात भर ना. आधीचं सगळं दिसलं म्हणजे नानांवर छाप पडेल." बदलांबरोबर लिहिलेल्या जुन्या टिपा कोडमध्ये असतातच, फक्त तोवर त्या उघडून बघायचं कोणाला सुचलं नव्हतं. तिने त्या ओढून आणल्या. आणि त्या सटाण्याच्या दिवसाची ओळ वर आली.

प्रज्ञाने ती वाचली आणि आम्हाला बोलावलं. निखिलने वाचली आणि खुर्चीत बसला. सरांनी वाचली आणि दार लावून घेतलं.

"उद्या नानांना आपण नेटवर्क सांगू," सर म्हणाले. "नेटवर्क होतं, गेलं, आलं. नेटवर्कवर कोणी रागवत नाही."

प्रज्ञा म्हणाली, "सर, नेटवर्कला 'का' नसतं. नानांनी नाव मागितलंय. त्यांना नाव द्यायचं नसेल तर मी उद्या हा टीव्ही क्रिकेटला परत देते."

सर कडेच्या खुर्चीवर टेकले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा स्वतःच्या ऑफिसात पाहुण्यासारखं बसलेलं बघितलं.

*

नाना आले ते शाल आणि नारळ घेऊन. पांढरं धोतर, कडक टोपी. बसायच्या आधीच म्हणाले, "सागरले बोलवा. पहिले तेना सत्कार, मंग सही."

खाली ड्रिल चालू झालं. सर माझ्याकडे बघायला लागले, मी निखिलकडे, निखिल टीव्हीखालच्या ट्रॅक्टरकडे.

प्रज्ञा उठली. "नाना, सागर इथे नाही. वर्ष झालं, तो नोकरी सोडून गेला. त्याच्या नावाची किल्ली तेवढी मागे राहिलीय. मशीन ती वापरतं, म्हणून नाव त्याचं येतं. काम आम्ही करतो."

नाना खुर्चीत बसले. "म्हंजे मानूस नही, तरी काम चालू शे?"

"हो."

"इतवारले बी?"

"हो."

"अन् पगार?"

सर खालच्या आवाजात म्हणाले, "नाही घेत, नाना."

नानांनी शाल मांडीवर ठेवली. "मंग असा एक आमना आडतवर बी द्या ना," ते म्हणाले, आणि असे हसले की टोपी सावरावी लागली. आम्हीही हसलो. सर जरा जास्तच हसले, कारण त्यांना वाटलं संकट टळलं.

पण नाना व्यापारी. हसता हसता माल तोलणारे. टोपी सरळ केली आणि म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. लिलावना दिवस कोनी करं, ते सांगा."

प्रज्ञाने ती ओळ टीव्हीवर लावली. खोलीत फक्त ड्रिल.

नानांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "कोणी: निखिल." निखिलने मान खाली घातली. "काय: वर आडतीचं नाव मोठं आणि लाल केलं." नानांचा आवाज जरा हळू झाला. "का: नानांचा फोन आला, म्हणाले शेजारच्या आडतीचं नाव मोठं दिसतं, आपलं त्याच्याहून मोठं पाहिजे, आत्ताच्या आत्ता, लिलाव सुरू आहे."

निखिल पुटपुटला, "नाव तर मोठं केलं, नाना. यात मी काही केलं असं मला वाटलंच नव्हतं. आडतीच्या नावाला हात लावला की तिथले सगळे फोन परत लॉगिन मागतात, हे मला माहीत नव्हतं."

नानांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला आणि ती ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचली. मग खिशातून स्वतःचा फोन काढला, त्याच्याकडे बघितलं आणि परत खिशात ठेवला. सरांनी पेनाचं टोपण चारदा उघडलं नि लावलं असेल.

"नाव मातर चांगलं मोठं करं व्हतं," नाना निखिलला म्हणाले. मग उठले आणि शाल प्रज्ञाच्या खांद्यावर घातली. नारळ तिच्या हातात दिला. "पोरी, माले आजवर कोनी तोंडवर सांगं नही."

प्रज्ञाचे डोळे भरून आले. खरं सांगते, माझेही. नानांनी करारावर सही केली आणि पेन सरांना परत देताना बजावलं, "एक अट शे. लिलावना टायमले मना फोन उचलू नका. कोनीच नही. मी कितला बी करू द्या."

सरांनी अट लगेच मान्य केली.

दुसऱ्या दिवशी, लिलाव ऐन रंगात असताना, निखिलचा फोन वाजला. नाना. निखिलने हात मागे घेतला. वाजून वाजून थांबला. मग प्रज्ञाचा वाजला. मग सरांचा. मग माझा. चौघेही टेबलावरच्या फोनकडे बघत बसलो, अट म्हणजे अट.

सगळं शांत झालं. मग टीव्हीवर, नानांनी स्वतः ग्रुपवर लिहिलेली एक नवी ओळ वर सरकली:

'कोणी: नाना. काय: फोन. का: असंच.'